रूट ६६ (मोहावी वाळवंटातील टप्पा)

रूट ६६ हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक ऐतिहासिक महामार्ग होय. इ.स. १९२६ मध्ये स्थापन झालेला हा मार्ग इलिनॉय राज्यातील शिकागो शहरापासून कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिसपर्यंत आणि १९३० च्या दशकात पुढे सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जात असे. आठ राज्यांतून जाणाऱ्या या मार्गाची एकूण लांबी सुमारे ३,९४० किलोमीटर होती. २७ जून १९८५ रोजी त्याला राष्ट्रीय महामार्गांच्या यादीतून वगळण्यात आले. आज त्याचे बरेचसे तुकडे स्थानिक रस्ते म्हणून वापरात आहेत.

या मार्गाचा ॲरिझोनातील किंगमन ते कॅलिफोर्नियातील काहोन खिंड हा सुमारे ४०० किलोमीटरचा टप्पा मोहावी वाळवंटातून जातो. जुन्या रूट ६६ चे मूळ रूप सर्वाधिक टिकून असलेल्या टप्प्यांमध्ये त्याची गणना होते. मैलोगणती निर्मनुष्य रस्ता, बाजूने धावणारा लोहमार्ग, ओस पडलेली गावे आणि बंद पेट्रोलपंप असे त्याचे आजचे स्वरूप आहे. एकट्याने मोटार किंवा मोटारसायकल चालवत हा टप्पा पार करण्यासाठी जगभरातून प्रवासी येतात.

हा रस्ता कोठून गेला, त्यावर गावे कोठे वसली आणि ती का उठली, या प्रश्नांच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी पाणी हेच कारण आढळते. या टप्प्यावरील प्रवासाचे नियमही त्याच कारणातून निर्माण झाले आहेत.

नाव आणि उच्चार

अमेरिकेच्या महामार्ग-क्रमांक पद्धतीत पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मार्गांना सम आणि दक्षिणोत्तर मार्गांना विषम क्रमांक दिले जातात. ओक्लाहोमातील टल्सा येथील व्यावसायिक सायरस ॲव्हरी यांनी या मार्गासाठी प्रथम ६० हा क्रमांक मागितला होता. केंटकी राज्याने त्यास हरकत घेतल्यामुळे १९२६ मध्ये ६६ हा क्रमांक स्वीकारण्यात आला. ॲव्हरी यांना ‘रूट ६६ चे जनक’ म्हटले जाते. वाळवंटातील जुना रस्ता आता ‘नॅशनल ट्रेल्स हायवे’ या नावाने ओळखला जातो.

‘मोहावी’ हे नाव कोलोरॅडो नदीच्या काठी राहणाऱ्या मूळ निवासी जमातीवरून आले आहे. स्पॅनिश वळणाच्या इंग्रजी लेखनामुळे पुष्कळदा त्याचा उच्चार ‘मोजावे’ असा केला जातो. परंतु स्पॅनिशमध्ये त्या अक्षराचा उच्चार ‘ह’ असल्याने ‘मोहावी’ हाच उच्चार रूढ आहे. ‘काहोन’ या शब्दाच्या उच्चाराचेही कारण हेच. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ पेटी असा होतो.

भूगोल आणि हवामान

हा टप्पा सपाट वाळूतून जातो असा समज असला तरी वस्तुस्थिती वेगळी आहे. मोहावी वाळवंट हे डोंगररांगा आणि त्यांमधील खोलगट खोरी यांचे बनलेले आहे. किंगमनहून निघालेला जुना रस्ता प्रथम ब्लॅक माउंटन्स ही डोंगररांग सिटग्रीव्ह्ज खिंडीतून ओलांडतो आणि कोलोरॅडो नदीच्या काठी उतरतो. नदीकाठचे नीडल्स हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटर उंचीवर आहे. तेथून रस्ता पुन्हा चढत जाऊन गॉफ्स येथे जवळजवळ ७९० मीटरवर पोहोचतो. पुढे ॲम्बॉयच्या खोऱ्यात तो २०० मीटरच्या खाली उतरतो आणि बार्स्टोपर्यंत जाताना पुन्हा साडेसहाशे मीटर उंची गाठतो. जुन्या मोटारींच्या इंजिनांना हे चढउतार वाळवंटातील उष्णतेइतकेच त्रासदायक ठरत.

या खोऱ्यांतील पाणी समुद्राला मिळत नाही. पावसाचे पाणी सखल भागात साचते, वाळते आणि मागे क्षार ठेवते. ॲम्बॉयजवळचे ब्रिस्टल हे कोरडे सरोवर असेच तयार झाले असून तेथे मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड यांचे उत्पादन होते.

उन्हाळ्यात नीडल्स येथे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाणे नेहमीचे आहे. हिवाळ्यातील रात्री मात्र कडक थंड असतात. ॲम्बॉयच्या पश्चिमेस बॅगदाद नावाचे एक रेल्वे स्थानक होते. तेथे ३ ऑक्टोबर १९१२ ते ८ नोव्हेंबर १९१४ असे सलग ७६७ दिवस पाऊस पडला नाही. पर्जन्यहीन दिवसांचा हा अमेरिकेतील विक्रम मानला जातो. आज बॅगदाद येथे वस्ती उरलेली नाही.

असे असूनही या कोरड्या प्रदेशातील जुन्या रस्त्यावर लहानमोठे सव्वाशेच्या आसपास लाकडी पूल आहेत. वाळवंटातील पाऊस क्वचित पडतो; मात्र पडतो तेव्हा थोड्या वेळात पुष्कळ पडतो. वनस्पतींचे आच्छादन विरळ असल्यामुळे पाणी मुरण्यापूर्वीच वाहू लागते आणि एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांना लोंढे येतात. १९३० च्या सुमारास रस्ता बांधणाऱ्या अभियंत्यांनी डोंगराच्या बाजूस मातीचे तिरपे बांध घातले आणि हे पाणी एकेका पुलाखाली वळवले. ॲम्बॉयच्या परिसरातील या बांधांवर प्रवाशांनी दगड मांडून लिहिलेली असंख्य नावे आजही दिसतात.

इतिहास

पायवाट ते लोहमार्ग

या प्रदेशातून जाणारी सर्वांत जुनी वाट मोहावी लोकांची होय. कोलोरॅडो नदीपासून प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापर्यंत व्यापारासाठी जाताना ते एका झऱ्यापासून दुसऱ्या झऱ्यापर्यंत प्रवास करीत. १७७६ मध्ये स्पॅनिश धर्मोपदेशक फ्रान्सिस्को गार्सेस यांनी मोहावी वाटाड्यांच्या मदतीने याच वाटेने वाळवंट ओलांडले. १८२६ मध्ये जेडेडाया स्मिथ हे फर-व्यापारीही येथून कॅलिफोर्नियात गेले.

१८५७ मध्ये एडवर्ड बील यांच्याकडे न्यू मेक्सिको प्रांतातून कोलोरॅडो नदीपर्यंत बैलगाड्यांसाठी रस्ता आखण्याचे काम सोपवण्यात आले. निर्जल प्रदेशात उपयोग होईल का, हे पाहण्यासाठी त्यांनी भूमध्य सागरी देशांतून आणवलेले उंट सोबत घेतले होते. उंटांनी अपेक्षेपेक्षा चांगले काम केले, तरी लष्कराने हा प्रयोग पुढे चालवला नाही.

१८८३ मध्ये नीडल्स येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग जोडले गेले. बाष्प इंजिनांना ठरावीक अंतरावर पाणी भरावे लागत असल्याने वाळवंटात स्थानकांची मालिका उभी राहिली. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना या स्थानकांना इंग्रजी वर्णक्रमानुसार नावे देण्यात आली. त्यांपैकी ॲम्बॉय, कॅडिझ, डॅन्बी, एसेक्स, फेनर आणि गॉफ्स ही नावे आजही नकाशावर आहेत. यांतील बहुतेक ठिकाणी पिण्याजोगे पाणी नव्हते. पश्चिमेकडील न्यूबेरी येथील झऱ्यांचे पाणी टाक्यांच्या डब्यांत भरून आगगाडीने कोरड्या स्थानकांना पुरवले जाई.

मोटारींसाठी रस्ता आखण्याची वेळ आली तेव्हा तो लोहमार्गाच्या कडेनेच आखला गेला, कारण वाळवंटात पाणी, तारयंत्र आणि माणसांची वस्ती एकत्र असलेली ठिकाणे तेथेच होती. १९१२ नंतर ‘नॅशनल ओल्ड ट्रेल्स रोड’ या नावाने हा रस्ता ओळखला जाऊ लागला. १९१६ मध्ये कोलोरॅडो नदीवर मोटारींसाठी पोलादी कमानीचा पूल बांधण्यात आला.

महामार्गाची स्थापना

११ नोव्हेंबर १९२६ रोजी राष्ट्रीय महामार्गांच्या क्रमांकांना मान्यता मिळाली आणि हा रस्ता रूट ६६ चा भाग झाला. त्या वेळी वाळवंटातील बराच रस्ता कच्चा होता. १९२८ मध्ये लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क अशी पायी धावण्याची शर्यत भरवण्यात आली. तिचा शिकागोपर्यंतचा मार्ग प्रामुख्याने रूट ६६ हाच होता. या शर्यतीत १९९ स्पर्धक निघाले. पहिल्या काही दिवसांतच त्यांना मोहावी वाळवंट पार करावे लागले. शेवटपर्यंत ५५ जण पोहोचले. ओक्लाहोमातील चेरोकी वंशाचा तरुण अँडी पेन विजयी ठरला आणि त्याला २५,००० डॉलरचे पारितोषिक मिळाले.

१९३१ मध्ये नीडल्स आणि एसेक्स यांच्यामधील रस्ता सरळ करण्यात आला आणि लोहमार्गाच्या वळणावर असलेले गॉफ्स मुख्य मार्गापासून बाजूला पडले. वाळवंटातील एखाद्या गावाचे भवितव्य रस्त्याच्या आखणीवर किती अवलंबून असते, याचे हे पहिले ठळक उदाहरण होते. १९३८ पर्यंत संपूर्ण रूट ६६ वर डांबर किंवा काँक्रीट पडले होते.

दुष्काळ आणि स्थलांतर

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानी प्रदेशात दीर्घ दुष्काळ पडला. नांगरटीमुळे मोकळी झालेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली आणि ओक्लाहोमा, टेक्सास, कॅन्सस या राज्यांतील शेती उद्ध्वस्त झाली. त्याच काळात आर्थिक मंदी होती. कर्जात बुडालेली कुळे आणि छोटे शेतकरी घरदार सोडून कॅलिफोर्नियाकडे निघाले. अशा लोकांची संख्या दोन लाखांहून अधिक असावी, असे मानले जाते. जुन्या मोटारीवर गाद्या, भांडी, म्हातारी माणसे आणि मुले लादून निघालेल्या या कुटुंबांना तुच्छतेने ‘ओकी’ म्हटले जाई.

त्यांच्यापैकी बहुतेकांसाठी मोहावी वाळवंट हा प्रवासाचा शेवटचा आणि सर्वांत धोकादायक भाग होता. दिवसाचे ऊन टाळण्यासाठी कुटुंबे नीडल्सच्या नदीकाठी थांबत आणि सूर्यास्तानंतर निघत. मोटारीच्या पुढच्या भागाला जाड कापडाची पाण्याची पिशवी टांगलेली असे. कापडातून झिरपणारे पाणी वाऱ्याने उडून जाई आणि मातीच्या माठाप्रमाणे आतले पाणी गार राही. ते पाणी माणसांसाठी असे आणि उकळणाऱ्या रेडिएटरसाठीही. काही ठिकाणी पाण्याचे पैसे आकारले जात. एसेक्स येथे मात्र दक्षिण कॅलिफोर्नियातील मोटार-चालक संघटनेच्या साहाय्याने खोदलेल्या विहिरीवर प्रवाशांना मोफत पाणी मिळे. त्या विहिरीचे छोटे बांधकाम अद्याप उभे आहे.

वाळवंट ओलांडल्यानंतरही प्रवेशाची खात्री नव्हती. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी शहराचे १३६ पोलीस राज्याच्या सीमांवर पाठवले आणि ज्यांच्याजवळ पैसे किंवा कामाची हमी नाही अशांना परत पाठवण्यास सुरुवात केली. शहराच्या हद्दीपासून शेकडो किलोमीटर दूर शहर पोलिसांनी केलेल्या या कारवाईवर टीका झाली आणि काही आठवड्यांतच ती थांबली. गरीब व्यक्तीला राज्यात आणणे हा गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र कायम होता. १९४१ मध्ये ‘एडवर्ड्स विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. देशांतर्गत मुक्त संचाराच्या हक्कासंबंधी हा निकाल महत्त्वाचा मानला जातो.

महायुद्ध आणि भरभराट

१९४२ मध्ये जनरल जॉर्ज पॅटन यांच्या पुढाकाराने या परिसरात वाळवंटी युद्धाचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. नीडल्स, गॉफ्स आणि एसेक्सजवळ लष्करी छावण्या उभ्या राहिल्या. केंद्र १९४४ मध्ये बंद झाले. युद्ध संपल्यावर मोटारींची संख्या वाढली आणि सुट्टीचा प्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. १९४६ मध्ये बॉबी ट्रूप यांनी रूट ६६ वर रचलेले गाणे नॅट किंग कोल यांच्या आवाजात लोकप्रिय झाले. त्यात या टप्प्यावरील किंगमन आणि बार्स्टो यांची नावे येतात.

मात्र हा रस्ता सर्वांसाठी सारखा मोकळा नव्हता. अनेक उपाहारगृहे आणि मोटेल कृष्णवर्णीय प्रवाशांना प्रवेश देत नसत. काही गावांत सूर्यास्तानंतर थांबण्यास त्यांना मज्जाव होता. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘ग्रीन बुक’ या मार्गदर्शिकेत कृष्णवर्णीयांना आसरा देणाऱ्या ठिकाणांचे पत्ते असत. जेथे पाणी आणि सावली मिळण्याची ठिकाणे दहा-वीस मैलांवर एक अशी होती, तेथे एका ठिकाणी मिळालेला नकार म्हणजे केवळ अपमान नव्हे तर धोका होता.

ऱ्हास

१९५० च्या दशकाच्या प्रारंभी ओटमनचा घाट टाळणारा नवा रस्ता झाला. १९५६ च्या कायद्याने देशभर चौपदरी आंतरराज्य महामार्ग बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. वाळवंटातील डोंगर फोडण्यासाठी १९६३ मध्ये एक विलक्षण प्रस्ताव पुढे आला. ॲम्बॉयच्या उत्तरेकडील ब्रिस्टल डोंगररांगेत २२ अणुस्फोट घडवून महामार्ग आणि लोहमार्ग यांच्यासाठी खिंड पाडावी, असा तो विचार होता. ‘प्रोजेक्ट कॅरीऑल’ या नावाने ओळखली जाणारी ही योजना पुढे सोडून देण्यात आली आणि रस्ता नेहमीच्या पद्धतीने बांधला गेला.

१९७३ मध्ये आंतरराज्य महामार्ग ४० वाळवंटात वाहतुकीस खुला झाला. तो ॲम्बॉयपासून अनेक किलोमीटर उत्तरेकडून जातो. मोटारींना आता दर तीस-चाळीस किलोमीटरवर पाणी भरण्यासाठी थांबावे लागत नव्हते. त्यामुळे थांब्यांवर जगणाऱ्या गावांचे उत्पन्न एकाएकी बंद झाले. बाष्प इंजिने आधीच इतिहासजमा झाली होती. ज्या गरजेने ही गावे निर्माण केली होती, ती गरजच संपली.

मार्गावरील प्रमुख ठिकाणे

ओटमन : सोन्याच्या खाणींमुळे वसलेले ॲरिझोनातील गाव. येथील घाट इतका तीव्र आहे की, ज्या जुन्या मोटारींत इंधन पंपाविना केवळ उताराने इंजिनापर्यंत येत असे, त्या चढावर उलट्या चालवत नेल्या जात. खाणकामगारांनी मोकळ्या सोडलेल्या गाढवांचे वंशज आजही गावात हिंडतात.

गॉफ्स : येथील १९१४ मधील शाळेची इमारत प्रसिद्ध आहे. रेल्वे कामगार आणि पशुपालक यांची मुले येथे शिकत. १९३७ मध्ये शाळा बंद पडली आणि इमारत मोडकळीस आली. पुढे ‘मोहावी डेझर्ट हेरिटेज अँड कल्चरल असोसिएशन’ या संस्थेने तिचा जीर्णोद्धार केला. आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे.

ॲम्बॉय : ‘रॉइज मोटेल अँड कॅफे’मुळे ओळखले जाणारे गाव. रॉय क्रोल यांनी १९३८ मध्ये सुरू केलेला हा व्यवसाय त्यांचे जावई बस्टर बरिस यांनी वाढवला. १९५९ मध्ये उभारलेली त्याची उंच पाटी दुरूनच दिसते. २००५ मध्ये अल्बर्ट ओकुरा या उद्योजकांनी गाव विकत घेतले आणि २०१९ मध्ये पाटीवरील दिवे पुन्हा लागले. गावात आता मोजकेच लोक राहतात. जवळच ॲम्बॉय क्रेटर हा सुमारे ७५ मीटर उंचीचा ज्वालामुखीय शंकू असून १९७३ पासून त्याला राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा आहे.

न्यूबेरी स्प्रिंग्ज : १९८७ मधील ‘बॅगदाद कॅफे’ या चित्रपटाचे चित्रीकरण येथील एका उपाहारगृहात झाले. जर्मन दिग्दर्शक पर्सी ॲडलन यांच्या या चित्रपटात वाळवंटात एकट्या पडलेल्या एका स्त्रीची कथा आहे.

बार्स्टो : रेल्वेचे मोठे केंद्र. येथील ‘कासा देल देसिएर्तो’ (वाळवंटातील घर) ही १९११ मधील स्थानकाची इमारत जतन करण्यात आली असून तीत रूट ६६ विषयीचे संग्रहालय आहे.

एकट्याने प्रवास

रूट ६६ च्या वाळवंटी टप्प्याचा बहुतांश इतिहास हा समूहाने केलेल्या प्रवासाचा आहे. मोहावी वाटाडे, बील यांचा तांडा, स्थलांतरित कुटुंबे आणि लष्करी तुकड्या यांपैकी कोणीही शक्यतो एकट्याने वाळवंटात शिरत नसे. एकट्याने, केवळ प्रवासाच्या हेतूने हा रस्ता पार करणे हे युद्धोत्तर काळातील विश्वासार्ह मोटारींमुळे शक्य झाले.

हा बदल जॉन स्टाइनबेक यांच्या दोन पुस्तकांत पाहता येतो. १९३९ मधील ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या कादंबरीतील जोड कुटुंब नीडल्स येथे नदीत स्नान करून रात्री वाळवंट ओलांडते. त्या रात्री आजी मरण पावते. आपण थांबलो तर कुटुंब वाळवंटातच अडकेल, हे जाणून आई ही गोष्ट कोणालाही न सांगता मृतदेहाशेजारी बसून राहते आणि तपासणी नाक्यावरही मोटार पुढे जाऊ देण्याची विनवणी करते. या कादंबरीनेच रूट ६६ ला ‘मातृमार्ग’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे १९६० मध्ये स्टाइनबेक यांनी स्वतः चार्ली नावाच्या कुत्र्यासह देशभर प्रवास केला आणि परतताना मोहावी वाळवंट पार केले. हा वृत्तांत ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ या नावाने १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवासाच्या बऱ्याच भागात त्यांच्या पत्नी सोबत होत्या, आणि त्यातील काही प्रसंगांच्या सत्यतेविषयी अभ्यासकांनी शंका उपस्थित केल्या आहेत. तथापि ज्या वाटेवर पूर्वी गरजेपोटी कुटुंबे येत, तेथे आता एकांताच्या शोधात माणूस येऊ लागला, हा बदल या दोन पुस्तकांमधून स्पष्ट होतो.

नीडल्स ते बार्स्टो हे जुन्या रस्त्याने सुमारे २५० किलोमीटरचे अंतर सलग चालवल्यास काही तासांत पार होते. तथापि पुढील बाबी एकट्या प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात.

पाणी : अमेरिकेतील उद्यान खात्याच्या सर्वसाधारण सूचनेनुसार वाळवंटात प्रत्येक व्यक्तीने दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी बाळगावे. मोटार बंद पडल्यास मदत येईपर्यंतच्या वेळेचा विचार करून त्याहून अधिक साठा ठेवणे इष्ट असते.

इंधन : नीडल्स सोडल्यानंतर इंधन मिळण्याची ठिकाणे थोडी आणि दूरदूर आहेत. ॲम्बॉय आणि लडलो ही त्यांतील प्रमुख होत. एकाकी ठिकाणी इंधनाचा दर शहरापेक्षा बराच अधिक असतो.

संपर्क : अनेक भागांत मोबाइल संच चालत नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी आपला मार्ग आणि पोहोचण्याची अपेक्षित वेळ कोणाला तरी कळवून ठेवणे, हा एकट्या प्रवासातील सर्वांत साधा आणि सर्वांत उपयुक्त नियम मानला जातो. सोबत दुसरी व्यक्ती असेल तर एक जण मोटारीपाशी थांबून दुसरा मदत आणू शकतो. एकट्याला हा पर्याय नसतो.

मोटार बंद पडल्यास : मोटार सोडून चालत निघू नये, असे बचाव पथके सांगतात. मोटारीमुळे सावली मिळते आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा मोटार लवकर दिसते. वाळवंटातील स्वच्छ हवेमुळे दूरच्या वस्तू जवळ भासतात. नवख्या व्यक्तीला समोर दिसणारा डोंगर प्रत्यक्षात कित्येक तासांच्या अंतरावर असू शकतो.

पूर : ओढ्याच्या पात्रात मोटार उभी करू नये आणि वाहत्या पाण्यात ती घालू नये. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचा लोंढा येऊ शकतो.

ऋतू : ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ प्रवासास अनुकूल समजला जातो. उन्हाळ्यात ॲम्बॉय क्रेटर चढण्यासारखे पायी उपक्रम टाळले जातात.

या मार्गावरून जाताना जुन्या प्रवासाची एक खूण सतत सोबत असते. रस्त्याशेजारचा लोहमार्ग आजही अत्यंत वर्दळीचा असून किलोमीटरहून अधिक लांबीच्या मालगाड्या दिवसरात्र धावतात. मात्र त्यांतील एकही गाडी आता पाण्यासाठी थांबत नाही.

जतन

रूट ६६ च्या जतनाची चळवळ ॲरिझोनात सुरू झाली. सेलिगमन येथील केशकर्तनकार एंजल डेल्गाडिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये संघटना स्थापन करून राज्याकडून जुन्या रस्त्याला ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळवला. १९९९ मध्ये केंद्रीय कायद्याने जतनासाठी अनुदानाची तरतूद केली. २००८ मध्ये ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ने रूट ६६ चा धोक्यात असलेल्या वारशांच्या यादीत समावेश केला.

१२ फेब्रुवारी २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ‘मोहावी ट्रेल्स’ या राष्ट्रीय स्मारकक्षेत्राची घोषणा केली. सुमारे १६ लाख एकरांच्या या क्षेत्रात रूट ६६ चा सर्वांत लांब अविकसित टप्पा येतो. त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा बराच मोकळा प्रदेश बांधकामापासून सुरक्षित झाला. रस्ता आणि पूल यांच्या देखभालीची जबाबदारी मात्र सॅन बर्नार्डिनो जिल्हा प्रशासनाकडे आहे. २०१४ आणि २०१७ मधील पुरांनी अनेक लाकडी पुलांची हानी केली आणि ॲम्बॉयच्या पूर्वेकडील काही भाग दीर्घकाळ वाहतुकीस बंद ठेवावा लागला. एकेका पुलाची पुनर्बांधणी खर्चीक आहे आणि वाहतूक थोडी आहे. मूळ लाकडी स्वरूप टिकवावे की अधिक मजबूत काँक्रीटचे पूल बांधावेत, हाही प्रश्न आहे. कॅडिझच्या खोऱ्यातील भूजल उपसून शहरांना पुरवण्याच्या प्रस्तावावरही अनेक वर्षे वाद चालू आहे.

२०२६ मध्ये रूट ६६ च्या स्थापनेस शंभर वर्षे होत असून त्यासाठी अमेरिकी संसदेने शताब्दी आयोग नेमण्याचा कायदा केला. वाळवंटी टप्प्याच्या बाबतीत शताब्दीनंतरचा प्रश्न अधिक मूलभूत आहे. पाण्याच्या अभावामुळे ज्या रस्त्यावर माणसांनी गावे वसवली, तो रस्ता आज अधूनमधून येणाऱ्या पुरांमुळे तुकड्यातुकड्यांनी नाहीसा होत आहे. पूल दुरुस्त होत राहिले, तरच तो प्रवाशांसाठी अखंड राहू शकेल.